सव्वा वर्षाच्या मुलीला ग्रेड 3 रिफ्लक्स (लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे जाते).. रोजचं अँटिबायोटिक द्यायचं, इंजेक्शन करायचं की नुसतं थांबायचं?

डिचोलीची आई

नमस्कार सगळ्यांना, जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या. लेक सव्वा वर्षाची आहे. चवथीच्या दिवसांत तिला 103 ताप आला, सर्दी नाही खोकला नाही, घर पाहुण्यांनी भरलेलं, जो तो म्हणे व्हायरल असेल, डेंगूची टेस्ट केली ती निगेटिव्ह, आणि शेवटी एका डॉक्टरांनी लघवी तपासायला लावली तेव्हा कळलं की इन्फेक्शन तिथे आहे. कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघतात त्या तपासणीत, ई. कोलाय हा जंतू आला. औषधाचा कोर्स झाला, पोर खेळायला लागली, आम्ही विसरलो. मग परत तसाच ताप आणि परत तोच जंतू. या वेळी सोनोग्राफी केली, त्यात डाव्या किडनीचं पेल्व्हिस (किडनीत लघवी गोळा होते तो भाग) थोडं फुगलेलं लिहून आलं. म्हणून एमसीयू, म्हणजे लघवीच्या जागी नळी घालून औषध भरून एक्सरे काढतात ती तपासणी. ती माझ्याने बघवली नाही, तिच्या बाबांनी धरून ठेवलं. रिपोर्ट: डावीकडे व्हीयूआर, म्हणजे हाच रिफ्लक्स, ग्रेड 3, उजवीकडे काही नाही.

आता गोंधळ असा आहे. बालरोगतज्ज्ञ म्हणतात रोज रात्री अँटिबायोटिकचा छोटा डोस द्या, निदान पोर पॉटीवर बसायला शिकेपर्यंत. दुसरीकडे दाखवलं तर सर्जन म्हणाले एक इंजेक्शन आहे, दुर्बिणीतून करतात, त्याच दिवशी घरी. सासरे म्हणतात इतक्या लहान पोराला रोज अँटिबायोटिक म्हणजे विष. आणि मी रात्री मोबाईलवर शोधत बसले तर कुठेतरी वाचलं की मोठ्या अमेरिकन अभ्यासात औषध देऊन आणि न देऊन किडनीवरचे डाग सारखेच आले. मग द्यायचं तरी कशाला? शिवाय हे डाग बघायला डीएमएसए नावाचा स्कॅन सांगितलाय, त्यात किरणोत्सर्गी औषध टोचतात म्हणे, त्याचीही धास्ती वाटते. थोरला चार वर्षांचा आहे, त्याचंही काही तपासायचं का? कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

फोंडेकर बाबा

ताई, आधी एक श्वास घ्या. आमच्या मुलीला ग्रेड 2 होता, आता शाळेत जाते, रिफ्लक्स गेला. औषध द्यायचं का ते डॉक्टर सांगतील, मी फक्त घरात काय करायचं ते सांगतो, कारण तेच कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट बद्धकोष्ठ. सगळे लघवीच्या मागे लागतात आणि पोराचं पोट चार-चार दिवस साफ नसतं ते कोणी विचारत नाही. आतडं भरलेलं असलं की मूत्राशयावर दाब येतो, लघवी पूर्ण सुटत नाही, उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. आमच्याकडे सकाळी पाव-बटर, दुपारी शीत-कडी आणि वर दिवसभर बाटलीने दूध, पोट कडक होणारच की. डॉक्टरांनी पोट मऊ करायचं पातळ औषध दिलं, दूध कमी केलं, पपई आणि पालेभाजी सुरू केली आणि खरं सांगतो त्यानंतर बराच फरक पडला.

दुसरी, घरात निर्जंतुक डबी आणून ठेवा. ताप आला आणि नाक वाहत नाही असं दिसलं की डेंगूच्या आधी लघवी. पिशवी चिकटवून घेतलेलं सँपल कल्चरला चालत नाही, त्यात कातडीवरचे जंतू येतात. एका लॅबने आमचं पिशवीतलं सँपल मुकाट्याने घेतलं आणि रिपोर्टला 'मिक्स्ड ग्रोथ' लिहून पाठवलं, पैसे गेले आणि तोवर पोरीला अँटिबायोटिक सुरू झालेलं, म्हणजे परत कल्चर करूनही उपयोग नाही. मधल्या धारेतलं पकडा. लहान बाळाला धार कशी आणायची तर गॉज थंड पाण्यात भिजवून ओटीपोटावर, बेंबीच्या खाली, गोल गोल चोळायचं आणि दुसऱ्याने डबी धरून तयार राहायचं. यावर मेलबर्नला रीतसर ट्रायल झाली होती, 2017 मध्ये छापून आली, एक वर्षाखालच्या बाळांत पाच मिनिटांच्या आत लघवी झाली 31 टक्क्यांना, नुसतं वाट बघत बसलेल्यांत 12 टक्क्यांना. आमच्या घरी आजीच्या साडीवर जास्त वेळा झाली ती गोष्ट वेगळी 😄

मालूमावशी

माझं ऐकशील तर बाय, रोज अँटिबायोटिक नको गो. पोट बिघडतं, भूक मरते. आमच्या वेळी बार्लीचं पाणी, शहाळं, धण्याचं पाणी द्यायचे, लघवी मोकळी झाली की सगळं निघून जायचं. पोरांना ताप येतोच, किती सुया टोचणार त्या जिवाला.

एक्सरेवाला म्हापसा

मालूमावशी, शहाळ्याला माझा विरोध नाही, पाणी भरपूर प्यायला हवंच. पण रिफ्लक्समध्ये लघवी मोकळी होते की नाही हा प्रश्नच नाही, ती उलटी वर जाते हा प्रश्न आहे.

डिचोलीची आई, मी रेडिओलॉजीत टेक्निशियन आहे, एमसीयू बऱ्याच केल्यात, म्हणून माझ्या बाजूचं सांगतो. किडनीतून येणारी नळी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी आत शिरते, भिंतीत तिचा थोडा बोगदा असतो. मूत्राशय भरलं, दाबलं गेलं की तो बोगदा चेपून बंद होतो. आपल्या खाजनात (खाडीकाठच्या शेतात) मानशीला, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेला, दारं असतात ना, भरतीचं पाणी दाबून दार लावतं आणि खारं पाणी शेतात शिरत नाही, तसंच. ज्या पोरांत बोगदा आखूड असतो त्यांचं दार नीट लागत नाही. बोगद्याची लांबी नळीच्या जाडीच्या पाचपट असावी असं मोजमाप 1959 पासून सर्जन वापरतात. पोर वाढतं तसा बोगदाही लांबतो, म्हणूनच हलक्या ग्रेडचे बरेच रिफ्लक्स आपोआप जातात, तुमच्या आमच्या हुशारीने नाही.

आता सोनोग्राफीबद्दल. लोक म्हणतात सोनोग्राफी नॉर्मल आली मग एमसीयूचा छळ कशाला. सोनोग्राफी किडनीचा आकार दाखवते, फुगवटा दाखवते, मूत्राशयाची भिंत जाड आहे का आणि लघवी केल्यावर किती उरते ते दाखवते. उलटा जाणारा प्रवाह ती एरवी दाखवत नाही. नॉर्मल सोनोग्राफीवाल्या पोरांतही रिफ्लक्स निघतो. उलट फुगवटा दिसला म्हणजे रिफ्लक्सच असं पण नाही, वाटेत कुठे अडथळा असला तरी किडनी फुगते. तुमच्या केसमध्ये दोनदा तापाचं इन्फेक्शन आणि वर फुगवटा, म्हणजे एमसीयू बरोबरच सांगितली होती.

आणि ती 'छळ' वाटते त्यात एक मुद्दा असा की आम्ही पोर लघवी करेपर्यंत थांबतो ते उगाच नाही. मूत्राशय किती भरायचं याचा हिशोब असतो, वयात दोन मिळवून तिसाने गुणायचं, तुमच्या मुलीला साधारण 95-100 मिली. औषध बाटलीतून आपोआप उतरू देतात, दाबून भरत नाहीत. पुष्कळदा भरताना काही दिसत नाही आणि धार सुटली की औषध झपकन वर चढतं. मुलगा असेल तर त्याच क्षणी मूत्रमार्गातला लघवी अडवणारा पडदा दिसतो, तो चुकला तर फार मोठी गोष्ट चुकते. म्हणून पुढच्या वेळी कोणी 'अजून किती वेळ' म्हणून टेक्निशियनवर ओरडणार असाल तर जरा थांबा.

ग्रेड 3 म्हणजे औषध किडनीपर्यंत पोचलंय आणि नळी व पेल्व्हिस मध्यम फुगलंय. 1 मध्ये फक्त नळीत, 2 मध्ये किडनीपर्यंत पण फुगवटा नाही, 5 मध्ये नळी वेडीवाकडी सापासारखी दिसते.

डीएमएसएला घाबरू नका. टेक्नेशियम असतं, दर सहा तासांनी अर्धं होत जातं. टोचल्यावर दोन-तीन तासांनी फोटो काढतात कारण ते औषध किडनीच्या बाहेरच्या थरात बसायला वेळ लागतो, जिथे बसलं नाही तिथे डाग. किरणांचा डोस साधारण 1 मिलिसिव्हर्टच्या आसपास, माणूस वर्षभरात निसर्गातूनच सरासरी 2.4 घेतो. फक्त ताप उतरून चार-सहा महिने झाल्यावर करा, नाहीतर सूज आहे की कायमचा डाग ते कळत नाही. खरी अडचण किरणांची नाही, पोर फोटोपुरतं हलायला नको ही आहे. झोपेची वेळ गाठा, दुपारचं दूध तेव्हाच द्या.

रात्रपाळीची डॉक्टर

बालरोगात एमडी करतेय, सध्या गोव्याबाहेर. तुमची मुलगी मी बघितलेली नाही, तेव्हा हा सल्ला समजू नका, फक्त तुम्ही जे वाचलंत ते पूर्ण काय आहे ते सांगते.

तुम्ही वाचलंत ती बहुतेक रिव्हर ट्रायल, 2014 ची. 607 मुलं, दोन महिने ते सहा वर्षांच्या आतली, एक किंवा दोन इन्फेक्शन झालेली, रिफ्लक्स ग्रेड 1 ते 4. अर्ध्यांना रोज कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक, अर्ध्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं सिरप, दोन वर्षं. परत इन्फेक्शन झालं औषधवाल्या 302 पैकी 39 ना आणि दुसऱ्या 305 पैकी 72 ना. म्हणजे जवळपास निम्मं. डाग मात्र 11.9 आणि 10.2 टक्के, फरक नाही. हे दुसरं वाक्य नेटवर सगळीकडे फिरतं, पहिलं कोणी सांगत नाही.

आता ती मुलं कोण होती ते बघा. अर्ध्याहून जास्त ग्रेड 1-2 ची, आणि आईबापांना आधीच बजावलेलं की ताप आला की लगेच या, म्हणजे उपचार पटकन मिळत होते. तिथे डाग कमी पडणारच, मग फरक दिसणार कुठून?

तुमच्या मुलीला जास्त जवळचा अभ्यास स्वीडनचा आहे, 2010 मध्ये आला. 203 मुलं, सगळी एक ते दोन वर्षांची, सगळी ग्रेड 3 किंवा 4. वय बघा, ग्रेड बघा. तीन गट केले: रोजचं औषध, दुर्बिणीतून इंजेक्शन, आणि नुसतं लक्ष ठेवणं. मुलींमध्ये परत तापाचं इन्फेक्शन झालं औषधावर 19 टक्के, इंजेक्शनवाल्यांत 23 टक्के, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत 57 टक्के. आणि नवीन डाग आलेल्या मुली 13, त्यातल्या 8 लक्ष ठेवण्याच्या गटातल्या, 5 इंजेक्शनच्या, औषधावर असलेली एकही नाही. मुलग्यांत असा फरक दिसला नाही. अभ्यास छोटा आहे, तिथल्या घरच्यांना कोणता उपचार चाललाय ते माहीत होतं, त्यामुळे त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. पण 'मोठ्या अभ्यासात फरक पडला नाही' एवढ्यावरून सव्वा वर्षाच्या, ग्रेड 3 च्या, दोनदा तापलेल्या मुलीचं औषध टाळणं मला पटत नाही.

इंजेक्शनबद्दल, सर्जन चुकीचं बोलले नाहीत. डेक्स्ट्रॅनोमर-हायलुरॉनिक अॅसिडची जेल असते, नळीच्या तोंडाखाली टोचून उंचवटा करतात म्हणजे दार नीट लागतं. अमेरिकेत 2001 पासून मान्यता आहे. पण भूल लागते, आणि त्याच स्वीडिश अभ्यासात इंजेक्शननंतर दोन वर्षांनी पाचातल्या एकात फुगवट्यासकट रिफ्लक्स परत दिसला. मी स्वतः पहिल्या फेरीत तिकडे जाणार नाही, औषध चालू असूनही ताप येत राहिला तर जाईन.

कुडचडेकर

आमचं उलट. मुलगा, दोन्ही बाजूंनी ग्रेड 5, औषध चालू असतानाही इन्फेक्शन येत राहिलं, शेवटी मुंबईला ऑपरेशन केलं, नळी काढून परत नवीन बोगदा करून बसवतात ते. चांगल्या हातात शंभरात पंचाण्णवच्या वर यश आहे म्हणतात आणि आमचं झालं देखील. पण लघवीतून रक्त, नळ्या, रात्री मूत्राशयात येणारे गोळे, पोर कळवळून उठायचं, हे कोणी आधी सांगत नाही म्हणून सांगतो. ज्यांना गरज आहे त्यांनी जरूर करा, पण 'एकदाच काय ते उरकून टाकू' या हिशोबाने करू नका.

आणि पैशांचं: दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारचा आरोग्य विमा) असेल तर आधी बांबोळीलाच, सरकारी इस्पितळात, काउंटरवर विचारा काय कार्डावर बसतं आणि काय नाही, कुठल्या इस्पितळात चालतं. मुंबईला पोचून विचारण्यात अर्थ नाही.

डिचोलीची आई

सगळ्यांना देव बरें करूं, खरंच. डॉक्टर ताई, ते वय आणि ग्रेडचं वाचून मी परत जाऊन बघितलं, मी वाचलेल्या लेखात कुठली मुलं होती ते लिहिलेलंच नव्हतं.

दोन शंका राहिल्या. एक, रोज औषध दिलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतील ना? सासऱ्यांचा मुख्य मुद्दा तोच आहे आणि मला तो चुकीचा वाटत नाही. दोन, थोरल्याचं काय?

रात्रपाळीची डॉक्टर

सासऱ्यांचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, त्यांना सांगा. रिव्हरमध्ये औषध चालू असताना जी ई. कोलायची इन्फेक्शनं झाली त्यातली 63 टक्के त्या औषधाला दाद न देणारी होती, दुसऱ्या गटात 19 टक्के. म्हणजे सौदा असा की ताप कमी वेळा येईल, पण आला तर नेहमीचं औषध चालेलच असं नाही, कल्चर बघूनच पुढचं ठरवायचं. म्हणूनच फोंडेकर बाबांची ती डबी महत्त्वाची. औषध चालू आहे म्हणून ताप आल्यावर निवांत बसायचं नाही, उलट जास्त घाई करायची.

सरसकट सगळ्यांना देण्याच्या मी विरुद्धच आहे. 2023 मध्ये युरोपातला एक अभ्यास आला, एकदाही इन्फेक्शन न झालेली एक ते पाच महिन्यांची बाळं, ग्रेड 3 ते 5. तिथे औषधाने पहिलं इन्फेक्शन 36 टक्क्यांवरून 21 वर आलं, पण दाद न देणारे जंतू वाढले. तिथे द्यायचं की नाही यावर दोन मतं असू शकतात. तुमच्याकडे दोन इन्फेक्शनं होऊन गेलीत.

डोस उपचाराच्या डोसच्या साधारण चौथा-तिसरा हिस्सा असतो आणि रात्री झोपताना देतात कारण तेव्हा लघवी सगळ्यात जास्त वेळ आत साठते. घरात कोणाला जी6पीडीची (रक्तातल्या लाल पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, यातली काही औषधं तेव्हा चालत नाहीत. पोर पॉटी शिकली, पोट साफ राहिलं, वर्षभर ताप नाही, की डॉक्टरांशी बंद करण्याबद्दल बोला, तो विषय तुम्हीच काढा कारण ओपीडीच्या गर्दीत जुनंच प्रिस्क्रिप्शन पुढे चालू राहतं.

थोरला: भावंडांत साधारण चारातल्या एकाला रिफ्लक्स सापडतो. पण चार वर्षांचा, ठणठणीत, कधी लघवीचं इन्फेक्शन नाही, अशाला मी नळी घालून एमसीयू करणार नाही. एक सोनोग्राफी करा, ती ठीक असेल तर विषय तिथेच सोडा, फक्त विनाकारण ताप आला तर लघवी तपासा.

मालूमावशी

माझा नातू पण असाच सारखा तापतो गो, त्याची लघवी कधी कोणी बघितली नाही. कुठल्या डॉक्टरला दाखवायचं?

एक्सरेवाला म्हापसा

मावशी, आधी तुमच्या नेहमीच्या बालरोगवाल्याकडेच जा, तापात असतानाच जा, आणि लघवीचं रुटीन व कल्चर दोन्ही लिहून घ्या. अँटिबायोटिकचा पहिला डोस सँपल दिल्यानंतर.

बाकी डिचोलीच्या ताई, पुढे फॉलोअपला परत एमसीयू सांगितली तर विचारून बघा, आता सोनोग्राफीनेच रिफ्लक्स बघायची पद्धत आलीय, मूत्राशयात सूक्ष्म बुडबुड्यांचं औषध भरतात, ते वर चढताना सोनोग्राफीत चमकतं, एक्सरे लागत नाही. अमेरिकेत 2016 मध्ये मुलांसाठी मान्यता मिळाली. नळी मात्र तिथेही घालावी लागते, ती चुकत नाही. सगळीकडे होत नाही म्हणून आधी फोन करून जा.

डिचोलीची आई

विचारते. आज रात्रीपासून औषध सुरू करतोय, सासऱ्यांना ते 63 आणि 19 चे आकडे दाखवले, ते म्हणाले मग कल्चरचा खर्च मी देणार. डीएमएसएची तारीख अजून तीन महिने पुढची घेतलीय. पपई खात नाही हो पोर, थुंकून टाकते, दुसरं काय देता तुम्ही पोट साफ व्हायला?

फोंडेकर बाबा

पेरू, बिया काढून. आणि रात्री भिजवलेल्या मनुका कुस्करून, पाण्यासकट.